नवीं कुळें आणि नव्या चौकडी



गेल्या महिन्यांत माझ्या भाचीचें पत्र आलें. ती एडिंबरा येथें शिकावयास आहे. पत्रासोबत एक रंगीत चित्र होतें आणि चित्रांत लोंकरीच्या कापडाचा एक तुकडा होता. काळ्या आणि करड्या रंगांच्या मोठ्या चौकडी, आणि त्यांतून गेलेल्या तांबड्या व गुलाबी रेघा. खालीं तिनें लिहिलें होतें, "मामा, हें चेटकिणींचें कापड. ज्या बायकांसाठीं तें योजलें आहे त्यांपैकीं आज एकहि जिवंत नाहीं. तुम्ही जन्मभर मुलांना 'कां?' म्हणून विचारीत आलांत. आतां तुम्हीच सांगा, मेलेल्यांना कापड कशाला?"

पत्र मीं मोठ्यानें वाचून दाखविलें, तेव्हां आमच्या घरांतून लगेच विचारणा झाली, "चेटकिणीचें कापड? आणि तें पोरीनें हौसेनें पाठविलें?" चित्र देवघरापासून दूर, माझ्या टेबलावरच राहील असाहि हुकूम झाला. भाचीचा प्रश्न आणि घरचा प्रश्न, या दोहोंचें उत्तर शोधतांना मला जें सांपडलें, तें आज आपणांपुढें ठेवावें असा माझा विचार आहे.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांतील पुरुष कमरेपासून गुडघ्यापर्यंत चुण्यांचें जें वस्त्र नेसतात त्यास किल्ट म्हणतात, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. आपल्या लष्कराच्या संचलनांत बॅगपाइप वाजविणाऱ्या कांहीं पथकांच्या खांद्यांवरहि तशाच चौकडीचा पट्टा आपण पाहिला असेल. या चौकडीच्या कापडास टार्टन असें नांव आहे. स्कॉटलंडांतील प्रत्येक कुळाचा, त्यांच्या भाषेंत प्रत्येक 'क्लॅन'चा, स्वतःचा टार्टन असतो आणि चौकडी पाहून माणसाचें कुळ ओळखतां येतें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या समजुतींत खरें किती, हें आपण पुढें पाहूं. आधीं हें कापड विणतात कसें, तें पाहूं.

टार्टनची वीण वरकरणी गुंतागुंतीची दिसते, परंतु तिचा नियम तिसऱ्या इयत्तेंतील मुलालाहि समजेल इतका सरळ आहे. मागावर उभा ताणा लावतांना रंगांचा एक क्रम ठरवावयाचा. समजा, निळे चोवीस धागे, मग हिरवे आठ, मग तांबडे चार. शेवटच्या रंगापाशीं पोंचलें कीं तेथून मागें फिरावयाचें. तांबड्यावरून हिरवा, हिरव्यावरून पुन्हां निळा. लहानपणीं 'चिमा काय कामाची' हें वाक्य आपण उलटसुलट वाचून पाहिलें असेल. कोणत्याहि टोकाकडून वाचलें तरी तें तेंच राहतें. बहुतेक टार्टन असेच उलटसुलट सारखे असतात. आतां हाच क्रम आणि हेच आंकडे आडव्या बाण्यासहि लावावयाचे. प्रत्येक धागा दोन धाग्यांवरून व दोन धाग्यांखालून जातो आणि दर ओळीला एका धाग्यानें पुढें सरकतो. त्यामुळें कापडावर बारीक तिरक्या रेघा उमटतात.

यांतील गंमत अशी, कीं जेथें निळा ताणा निळ्या बाण्याला भेटतो तेथें शुद्ध निळा रंग दिसतो, आणि जेथें निळ्यावर तांबडा येतो तेथें डोळ्यांना जांभळट छटा भासते. तीन रंगांच्या धाग्यांतून तीन शुद्ध व तीन मिश्र अशा सहा छटा होतात. चार रंग घेतले तर दहा, आणि सहा घेतले तर एकवीस. रंगाऱ्यानें सहाच रंग दिले तरी विणकराच्या हातून एकवीस बाहेर पडतात. याच कारणानें टार्टनमध्यें भडक रंगहि एकमेकांशीं भांडत नाहींत. दोघांच्या मध्यें समेट करणारी तिसरी छटा उभी असतेच.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. टार्टन हा कापड होण्यापूर्वीं आंकड्यांची एक ओळ असतो. ही ओळ कागदावर उतरविली, कीं जगांतील कोणताहि विणकर तोच टार्टन विणूं शकतो. १७०३ सालीं मार्टिन मार्टिन या स्काय बेटावरील लेखकानें पश्चिमेकडील बेटांचें वर्णन प्रसिद्ध केलें. तेथील बायका प्रत्येक पट्ट्यांतील धाग्यांची संख्या एका लांकडाच्या तुकड्यावर मांडून ठेवीत, असें त्यानें लिहिलें आहे. म्हणजे कागद नव्हता तेव्हांहि आंकडे होतेच. आणि आंकडे ज्याला जुळवितां येतात त्याला नवा टार्टन करतां येतो. त्यासाठीं पूर्वज लागत नाहींत.

येथें कोणी म्हणेल, "अहो, पण कुळाची गोष्ट आंकड्यांच्या पलीकडची आहे. ती परंपरा आहे." तेव्हां परंपरेचाच हिशेब पाहूं.

चौकडीचें कापड स्कॉटलंडांत फार जुनें आहे, यांत शंका नाहीं. फॉल्कर्क या गांवाजवळ रोमन नाण्यांनीं भरलेल्या मडक्यांत लोंकरीच्या कापडाचा एक तुकडा सांपडला. न रंगविलेल्या, मेंढीच्या मूळच्या पांढऱ्या व तपकिरी लोंकरीची ती साधी चौकडी इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांतली आहे. ग्लेन ॲफ्रिक येथील दलदलींत मिळालेला दुसरा एक तुकडा २०२३ सालीं तपासण्यांत आला आणि तो सोळाव्या शतकाच्या आसपासचा ठरला. कापड जुनें आहे. परंतु त्यावर कुळाचें नांव नाहीं. मार्टिननेंहि एवढेंच म्हटलें आहे, कीं चौकडी पाहून माणूस कोणत्या भागांतला याचा तर्क करतां येई. विणकर त्या भागांतला, रंगाची वनस्पतीहि त्याच भागांतली. तेव्हां असें होणें स्वाभाविकच होतें. १७४५ च्या बंडाचें डेव्हिड मोरिए या चित्रकारानें काढलेलें एक प्रसिद्ध चित्र आहे. त्यांतील डोंगरी योद्ध्यांच्या अंगावर एकसारखी चौकडी नाहीं. एकाच माणसाचा अंगरखा एका चौकडीचा, तर मोजे दुसऱ्या चौकडीचे.

तें बंड १६ एप्रिल १७४६ रोजीं कलोडनच्या लढाईंत मोडलें. त्यानंतर इंग्रज सरकारनें कायदा केला, कीं डोंगरी भागांतील पुरुषानें किल्ट किंवा टार्टनचें वस्त्र अंगावर घालूं नये. पहिल्या अपराधास सहा महिने कैद, आणि दुसऱ्यास सात वर्षें काळें पाणी. हा कायदा १७८२ पर्यंत अमलांत होता. छत्तीस वर्षें म्हणजे एक पिढी. जें कापड घालण्यास बंदी होती तें विणणाऱ्या हातांची संवयहि पुष्कळ ठिकाणीं मोडली. बंदी उठली तेव्हां मात्र त्या कापडास पूर्वीं नव्हतें तें मोल आलें. गमावलेल्या वस्तूची किंमत कळते ती अशी.

१८१५ सालीं लंडनच्या हायलंड सोसायटीनें निरनिराळ्या कुळप्रमुखांना पत्रें पाठविलीं, कीं आपल्या कुळाच्या टार्टनचा नमुना शिक्कामोर्तब करून पाठवावा. मौज अशी, कीं कांहीं प्रमुखांना आपला टार्टन कोणता हेंच ठाऊक नव्हतें. त्यांनीं चौकशी सुरू केली. बॅनकबर्न येथें विल्सन या घराण्याचा कापडाचा मोठा कारखाना होता. त्यांच्याकडे चौकडींचे नमुने होते, परंतु कित्येकांस नुसते क्रमांक होते, कांहींना गांवांचीं नांवें होतीं. १८२२ च्या ऑगस्टांत राजा चौथा जॉर्ज एडिंबऱ्यास आला. राज्य करणारा राजा स्कॉटलंडांत येण्याचा तो सुमारें एकशेंसत्तर वर्षांतला पहिला प्रसंग. समारंभाची मांडणी कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांच्या हातीं होती, आणि सरदारांनीं आपापल्या कुळाच्या टार्टनमध्यें यावें असें ठरलें. मग काय विचारतां! कारखान्याकडे मागण्यांचा पूर आला. इतिहासकार ट्रेव्हर-रोपर यांनीं एक उदाहरण दिलें आहे. मॅक्फर्सन कुळाच्या नांवानें जो टार्टन त्या दिवसांत विकला गेला, तो पूर्वीं 'किड' या नांवानें जात असे. कारण किड नांवाच्या गृहस्थानें वेस्ट इंडीजमधील आपल्या गुलामांना कपडे करण्यासाठीं तो घाऊक घेतला होता. त्याहीपूर्वीं तो नुसता 'क्रमांक १५५' होता.

पुढें १८४२ सालीं दोन बंधूंनीं 'व्हेस्टिॲरियम स्कॉटिकम' नांवाचा भव्य ग्रंथ काढला. आपण शेवटच्या स्टुअर्ट राजपुत्राचे नातू आहों असें ते सांगत. आपल्याजवळच्या कांहीं शतकांपूर्वींच्या हस्तलिखितावरून पंचाहत्तर टार्टन दिले आहेत, असा त्यांचा दावा होता. तें हस्तलिखित कोणाहि जाणत्याला नीट तपासावयास मिळालें नाहीं, आणि ग्रंथ बनावट ठरला. परंतु त्यांतले कित्येक टार्टन कुळांनीं आपलेसे केले होते आणि आजहि ते अभिमानानें वापरले जातात.

हें सांगण्यांत कोणाची थट्टा करण्याचा माझा हेतु नाहीं. दोनशें वर्षें लग्नांत, लढायांत आणि अंत्ययात्रांत जें वस्त्र अंगावर राहिलें, तें आरंभीं कोणत्या मांडणीवरून उतरलें हें विचारण्यांत आतां फारसा अर्थ नाहीं. तें त्या लोकांचें झालें आहे. मला एवढेंच दाखवावयाचें आहे, कीं जुना म्हणून जो टार्टन आपण समजतों, तोहि एके दिवशीं नवा होता. कोणीतरी तो निवडला, त्याला नांव दिलें, आणि मग माणसें त्या नांवाखालीं उभीं राहिलीं.

हें ध्यानांत ठेवून आतां ज्यांना नवलाईचे टार्टन म्हणतात त्यांकडे वळूं. ज्यांना रक्तानें कूळ नाहीं, अशा समूहांसाठीं हे योजलेले आहेत.

दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ सालीं, कॅनडाच्या हवाई दलाला आपल्या बॅगपाइप पथकासाठीं टार्टन हवा होता. हवाई दलाला कूळ कोठलें? तेव्हां गडद निळा, आकाशी, तांबूस आणि पांढरा असे रंग घेऊन दलानें स्वतःचा टार्टन केला. १९५३ सालीं कॅनडाच्याच नोव्हा स्कोशिया प्रांतांत बेसी मरे या विणकर बाई मेंढपाळीच्या प्रदर्शनासाठीं एक मोठें चित्र तयार करीत होत्या. चित्रांत किल्ट घातलेला मेंढपाळ होता. त्याला एका कुळाचा टार्टन द्यावा तर दुसरीं कुळें रुसणार. म्हणून बाईंनीं कोणाचाच नसलेला टार्टन विणला. समुद्राचा निळा, अरण्याचा हिरवा, खडकांचा आणि लाटांच्या फेसाचा पांढरा, आणि त्यांत सोनेरी व तांबडी रेघ. लोकांना तो इतका आवडला, कीं पुढें तोच त्या प्रांताचा अधिकृत टार्टन झाला. कोणाचाच नव्हता म्हणूनच तो सर्वांचा होऊं शकला.

याहून विचित्र समूहहि आहेत. स्कॉटलंडांतील होली लॉक या खाडींत १९६१ पासून १९९२ पर्यंत अमेरिकेच्या अण्वस्त्रवाहू पाणबुड्यांचा तळ होता. त्या पाणबुड्यांवरील नाविकांसाठीं 'पोलॅरिस' नांवाचा टार्टन निघाला. अंटार्क्टिका या खंडावर कोणी कायमचा रहिवासी नाहीं, तरी बर्फाचा पांढरा आणि खडकांचा करडा रंग घेऊन त्याचाहि टार्टन झाला. २०११ च्या डिसेंबरांत चीनमधून दोन पांडे एडिंबऱ्याच्या प्राणिसंग्रहालयांत आले, तेव्हां काळा, पांढरा आणि बांबूचा हिरवा अशा रंगांचा टार्टन त्यांच्याहि वांट्यास आला. पांडे २०२३ सालीं चीनला परत गेले. टार्टन मात्र स्कॉटलंडांत राहिला. येथें हंसूं आल्यावांचून राहत नाहीं, आणि हंसावयास हरकत नाहीं.

परंतु पुढचीं उदाहरणें ऐकतांना आपलें हंसें आपोआप थांबेल. स्कॉटलंडांत स्थायिक झालेल्या एका शीख गृहस्थानें १९९९ सालीं 'सिंग' या नांवाचा टार्टन नोंदविला. तेथील ज्यू समाजाचा टार्टन २००८ सालीं झाला. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणें लोंकर आणि ताग एका वस्त्रांत मिसळणें निषिद्ध आहे, म्हणून तो केवळ लोंकरीचाच विणतात. २०१२ सालीं स्कॉटलंडांतील मुसलमानांसाठीं एक टार्टन झाला. त्यांत निळा रंग स्कॉटलंडचा, हिरवा इस्लामचा, आणि पांच पांढऱ्या रेघा धर्माच्या पांच आधारांच्या. हे लोक स्कॉटलंडांत जन्मले, तेथें शाळेंत गेले, तेथल्याच पावसांत भिजले. परंतु मॅक्डोनल्ड किंवा कॅम्बेल हें नांव त्यांना नव्हतें. लग्नाच्या दिवशीं मित्र आपापल्या कुळाच्या किल्टमध्यें येत, तेव्हां यांनीं काय नेसावें? दुसऱ्याचें कूळ उसनें घ्यावें, कीं परक्याप्रमाणें बाजूला उभें राहावें? नव्या टार्टननें त्यांना तिसरी वाट दाखविली. आपला धर्म न सोडतां आणि शेजाऱ्याचें नांव न चोरतां, त्यांना त्याच पंगतींत बसतां आलें.

आणखी एक कूळ दुःखाचें आहे. डॉडी वेअर हा स्कॉटलंडचा उंचापुरा रग्बीपटू. शरीरांतील स्नायू एकेक करून निकामी करणारा, मज्जातंतूंचा असाध्य रोग आपल्याला जडला आहे, हें त्यानें २०१७ सालीं जाहीर केलें आणि त्या रोगावरील संशोधनासाठीं एक संस्था काढली. ज्या संघांतून तो खेळला त्यांचे रंग घेऊन त्याच्यासाठीं एक टार्टन योजण्यांत आला. डॉडी २०२२ च्या नोव्हेंबरांत वारला. परंतु ज्यांच्या घरांत हा रोग शिरला आहे तीं माणसें ती चौकडी अंगावर घालतात, आणि मैदानावर एकमेकांना न विचारतांच ओळखतात. कूळ म्हणजे तरी दुसरें काय असतें?

आतां दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. या हौशीचा व्यापार झाला आहे, हें खरें. पेयें विकणारे, कापड विकणारे, प्रवाशांना भुलविणारे, सगळेच टार्टन काढतात. प्रत्येक रंगाला अर्थ चिकटविण्याची जी रीत आज दिसते, तीहि अलीकडचीच. जुन्या टार्टनमधील रंगांना असा कांहीं ठराविक अर्थ नसे. रंगाऱ्याजवळ जो रंग असे आणि डोळ्यांना जो बरा वाटे तो घेत. जुन्या चौकडीला नांव मिळालें तें मागाहून. नव्या चौकडीचा अर्थ विणण्याच्या आधींच ठरतो. त्यामुळें कित्येक नवे टार्टन कापडापेक्षां जाहिरातीसारखे वाटतात, आणि दोन-चार वर्षांत विसरले जातात.

या पसाऱ्यांत कांहीं शिस्त यावी म्हणून स्कॉटलंडच्या पार्लमेंटनें २००८ सालीं कायदा केला आणि ५ फेब्रुवारी २००९ रोजीं टार्टनची सरकारी नोंदवही उघडली. ती राष्ट्रीय दप्तरखान्याच्या ताब्यांत आहे आणि तींत आज दहा हजारांहून अधिक नोंदी आहेत. टार्टन म्हणजे काय, याची व्याख्याहि कायद्यांत दिली आहे : दोन किंवा अधिक रंगांचे पट्टे उभे व आडवे जुळून जी पुनःपुन्हां येणारी चौकडी होते आणि जी प्रत्यक्ष विणतां येते, ती. नोंद करणाऱ्यानें आपला आणि त्या नांवाचा संबंध काय तें सांगावें लागतें, आणि चौकडी पूर्वींच्या नोंदींहून निराळी असावी लागते. कुळप्रमुख, धर्मसंस्था, खेळाडू, पांडे, सर्व एकाच वहींत. कोणी कोणता टार्टन अंगावर घालावा, याविषयीं मात्र कायदा कांहीं बोलत नाहीं. एके काळीं ज्या कापडासाठीं काळें पाणी होतें, त्याचीच आज सरकार दरबारीं निगुतीनें नोंद ठेविली जाते.

याच वहींत २०२५ सालीं माझ्या भाचीनें पाठविलेल्या चौकडीची नोंद झाली.

स्कॉटलंडांत चेटुकाविरुद्धचा कायदा १५६३ सालीं झाला आणि १७३६ सालीं तो रद्द झाला. या एकशेंत्र्याहत्तर वर्षांत सुमारें चार हजार माणसांवर चेटकाचा आरोप आला, आणि त्यांपैकीं अडीच हजारांना मारण्यांत आलें असावें, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. दर शंभर आरोपींत चौऱ्यांशीच्या आसपास बायका होत्या. कोणाची गाय आटली, कोणाचें मूल दगावलें, कोणाचें जहाज वादळांत सांपडलें, कीं शेजारच्या म्हातारीकडे बोट दाखवावें. मग तिला रात्रंदिवस झोंपूं द्यावयाचें नाहीं, अंगावर खूण सांपडेपर्यंत टोंचावयाचें. आणि ती भ्रमांत 'हो' म्हणाली, कीं बहुधा गळा आंवळून नंतर प्रेत जाळावयाचें. १७२७ च्या सुमारास डॉर्नक येथें जॅनेट हॉर्न या नांवानें ओळखली जाणारी वृद्ध स्त्री या कायद्याखालीं शेवटची मारली गेली. जाळलेल्यांना थडगें नसतें. अशा बायकांचें नांव आपल्या कुळाच्या इतिहासांत मिरविण्यास कोणतें कूळ पुढें येणार? त्या कुळांत जन्मल्या, आणि कुळाबाहेर मेल्या.

२०२० सालीं, महिला दिनीं, क्लेअर मिचेल या वकील बाई आणि झोई व्हेंडिटोझी या लेखिका यांनीं या बायकांसाठीं चळवळ सुरू केली. त्यांच्या मागण्या तीन : कायद्यानें निर्दोष ठरविणें, सरकारनें क्षमा मागणें, आणि एक राष्ट्रीय स्मारक. ८ मार्च २०२२ रोजीं त्या वेळच्या मुख्यमंत्री निकोला स्टर्जन यांनीं पार्लमेंटांत सरकारच्या वतीनें क्षमा मागितली. आणि स्मारकाच्या मार्गावर, दगडाच्या आधीं, हा टार्टन आला. त्यांतील काळा व करडा रंग त्या काळोख्या काळाचा आणि राखेचा, तांबडा रक्ताचा, आणि गुलाबी? गुलाबी रंग कोर्टाच्या कागदांना बांधावयाच्या फितीचा. तो ऐकून मी थोडा वेळ गप्प बसलों. त्या बायकांना जमावानें नव्हे, तर रीतसर कागदपत्र करून, फीत बांधून मारलें होतें, हें त्या एका रेघेनें सांगितलें आहे. काळ्या-करड्या धाग्यांची गणतीहि १७३ या आंकड्याशीं जुळविली आहे, जितकीं वर्षें तो कायदा होता तितकी.

कोणी म्हणेल, अंगावरच्या कापडांतले धागे कोण मोजतो? कोणीच नाहीं. परंतु आपल्या घरची गोधडी आठवा. तींत आजोबांच्या धोतराचा, आत्याच्या लुगड्याचा, लहानपणीं गेलेल्या एखाद्या मुलाच्या अंगरख्याचा तुकडा असतो. पांघरणाऱ्याला तो दिसत नाहीं. शिवणारीला ठाऊक असतो, आणि ती केव्हांतरी नातीला सांगते. धागे मोजण्यासाठीं नसतात, कोणी विचारलें तर सांगतां यावें म्हणून असतात.

म्हणून नव्या टार्टनविषयीं माझें मत असें बनलें आहे, कीं त्याचें खरेंखोटेंपण वयावरून ठरवूं नये. जुन्यांतही क्रमांक १५५ निघतो, आणि नव्यांतही अडीच हजार माणसें निघतात. विचारावयाचें तें एवढेंच, कीं आनंदाच्या दिवशीं आणि दुःखाच्या दिवशीं ती चौकडी अंगावर घेणारें कोणी आहे काय? असेल तर तें कूळ खरें, मग तें कालच जन्मलेलें कां असेना. नसेल तर तें नुसतें दुकानांतलें कापड. मी चाळीस वर्षें वर्गांत हजेरी घेतली. जो मुलगा हजर नसे त्याचेंहि नांव मी घेत असें. नांव घेतल्यावांचून तो गैरहजर आहे हेंहि कळत नाहीं. त्या नोंदवहींत चेटकीण ठरविलेल्या बायकांचें नांव आलें, तें मला असेंच वाटतें. भाचीला मीं हेंच उत्तर लिहिलें.

आतां घरच्या प्रश्नाचें राहिलें. ही सगळी हकीकत सांगून झाल्यावर आमच्या घरांतून बराच वेळ कांहीं बोलणें झालें नाहीं. मग एक गोष्ट ऐकावयास मिळाली, जी पस्तीस वर्षांच्या संसारांत मीं कधीं ऐकली नव्हती. तिच्या आजोळीं गांवाच्या कडेला एक म्हातारी एकटीच राहत असे. तिची नजर वाईट म्हणून मुलांना त्या वाटेनें जाऊं देत नसत. एके वर्षीं गुरें मेलीं, आणि गांवानें तिला हांकलून दिलें. ती कोठें गेली हें कोणी विचारलें नाहीं. आपल्या राज्यानें जादूटोण्याविरुद्ध कायदा केला तो २०१३ सालीं. त्या म्हातारीला त्याचा काय उपयोग?

"तिला सगळे काय म्हणत तें मला आठवतें," मंडळी म्हणाली, "पण तिचें नांव काय होतें, तें कांहीं केल्या आठवत नाहीं."

तें चित्र आतां माझ्या टेबलावर नाहीं. तें बैठकींत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असें लावलें आहे. हें काय आहे म्हणून कोणी विचारलें, कीं उत्तर मी देत नाहीं. तें घरांतूनच दिलें जातें.